प्रा. पुरुषोत्तम गणेश मावळंकर : एका अपक्ष खासदाराची संसदेतील नोंद

प्रा. पुरुषोत्तम गणेश मावळंकर (१९२८–२००२) हे अहमदाबादचे राज्यशास्त्राचे अभ्यासक आणि पाचव्या व सहाव्या लोकसभेचे सदस्य. १९७२ च्या पोटनिवडणुकीत ते अहमदाबादहून अपक्ष म्हणून निवडून आले आणि १९७७ ते १९७९ या काळात त्यांनी गांधीनगरचे प्रतिनिधित्व केले. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर यांचे ते चिरंजीव. दादासाहेबांचे नाव गुजरातेतल्या मराठी घरांत सर्वांना माहीत असते. मुलाविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. बोलले गेले तरी ‘दादासाहेबांचा मुलगा’ इतकेच. त्यांच्या संसदेतील कामाची माहिती सभासदांना एका ठिकाणी मिळावी, यासाठी हा लेख.

घराणे आणि बडोदे

मावळंकरांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यातील मावळंगे. आडनाव त्यावरूनच आले. दादासाहेबांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी आपल्या बडोद्यात झाला. सुरुवातीचे शिक्षण कोकणात झाल्यावर १९०२ साली ते अहमदाबादला गेले, गुजरात कॉलेजातून पदवीधर झाले, पुढे मुंबईत कायदा शिकले आणि अहमदाबादेतच वकिली करू लागले. सरदार पटेलांच्या बरोबरीने त्यांनी तिथले सार्वजनिक जीवन उभे केले. कोकणातले मूळ, बडोद्यातला जन्म आणि अहमदाबादेतले घर हा नकाशा आपल्यापैकी अनेकांच्या घरचा आहे, फक्त गावांची नावे बदलतात.

१९३७ साली ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. २४ जानेवारी १९४६ रोजी मध्यवर्ती विधिमंडळाच्या अध्यक्षपदासाठी त्यांची सर कावसजी जहांगीर यांच्याशी लढत झाली. दादासाहेबांना ६६ मते पडली आणि सर कावसजींना ६३. स्वतंत्र भारताच्या पहिल्या निर्वाचित लोकसभेत १५ मे १९५२ रोजी पुन्हा अध्यक्षपदासाठी मतदान झाले आणि त्या वेळी त्यांच्याविरुद्ध उभे होते सोलापूरचे शेतकरी कामगार पक्षाचे खासदार शंकरराव मोरे. दिल्लीतल्या त्या पहिल्या निवडणुकीत दोन्ही उमेदवार मराठी होते. दादासाहेब ३९४ विरुद्ध ५५ मतांनी निवडून आले.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी अध्यक्षपदावर असतानाच दादासाहेबांचे निधन झाले. रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांच्या पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या, पण १९५७ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. त्यानंतर अहमदाबादची जागा इंदुलाल याज्ञिकांकडे गेली आणि १९७२ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. म्हणून पुरुषोत्तमरावांना ही जागा वडिलांकडून वारशाने मिळाली असे म्हणता येत नाही. मधे पंधरा वर्षे गेली होती. शिवाय वडील आयुष्यभर काँग्रेसचे, आणि मुलाने निवडणूक लढवली ती काँग्रेसच्या उमेदवाराविरुद्ध.

अध्यापक

पुरुषोत्तमरावांचा पिंड शिक्षकाचा होता. ब्रिटिश राज्यशास्त्रज्ञ हॅरॉल्ड लास्की १९५० साली वारले. १९५४ साली पुरुषोत्तमरावांनी अहमदाबादेत त्यांच्या नावाने राज्यशास्त्राची संस्था सुरू केली. लंडनच्या एका प्राध्यापकाच्या नावाची संस्था साबरमतीकाठी निघावी, हे आज थोडे नवलाचे वाटेल. पण त्या पिढीतल्या किती तरी भारतीय विद्यार्थ्यांनी संसदीय लोकशाहीचे धडे लास्कींच्या पुस्तकांतून गिरवले होते. संसद कशी चालते, कशी चालायला हवी आणि ती चालेनाशी झाली तर काय होते, हे विषय पुरुषोत्तमराव निवडून येण्याआधी वीस वर्षे शिकवत आणि लिहीत होते. पन्नाशीकडे झुकलेला हा अभ्यासक जेव्हा लोकसभेत जाऊन बसला, तेव्हा पुस्तकातली संसद त्याला आतून बघायला मिळाली.

अपक्षाला सभागृहात काय मिळते

त्यांची नोंद समजून घ्यायची तर आधी अपक्ष खासदाराची स्थिती कळायला हवी.

लोकसभेत बोलण्याचा वेळ पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटला जातो. १९७१ च्या निवडणुकीत ५१८ जागांपैकी ३५२ इंदिरा गांधींच्या काँग्रेसने जिंकल्या आणि अपक्ष निवडून आले १४. चार तासांच्या चर्चेत अपक्षाच्या वाट्याला काही मिनिटे येतात, तीही बहुधा शेवटी, सभागृह रिकामे होत आल्यावर. समित्यांवर जागा मिळणे कठीण असते. मागे पक्षाचे कार्यालय नसते आणि टिपणे काढून देणारे कोणी नसते. गंमत अशी की सभागृहाच्या किमान एक दशांश सदस्य असतील तरच ‘पक्ष’ म्हणून मान्यता द्यायची, हा दंडक खुद्द दादासाहेबांनी अध्यक्ष असताना घातला. मुलाला त्या उतरंडीत सर्वांत खालची पायरी मिळाली.

एक सोय मात्र अपक्षाला असते. त्याच्यावर पक्षादेश नसतो. मत कुठे द्यायचे आणि काय बोलायचे हे त्याचे त्याने ठरवायचे. याशिवाय काही हत्यारे संख्येवर अवलंबून नसतात. प्रश्नोत्तराचा तास, पुरवणी प्रश्न, हरकतीचा मुद्दा, दुरुस्ती सुचवण्याचा हक्क आणि खासगी सदस्याचे विधेयक ही ती हत्यारे. नियम पाठ असलेला एकटा सदस्य यांच्या बळावर मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यायला लावू शकतो. प्रश्नोत्तराचा तास, अर्ध्या तासाची चर्चा, सरकारने सभागृहात दिलेली आश्वासने पाळली की नाही हे बघणारी समिती, या साऱ्यांना स्वतंत्र भारतात आकार आला तो बराचसा दादासाहेबांच्या हाताखाली.

खासगी विधेयकाचा मार्ग मात्र जवळजवळ बंदच होता. संसदेच्या सबंध इतिहासात मंत्री नसलेल्या सदस्यांची १४ विधेयके कायदा झाली आणि त्यांतले शेवटचे १९७० सालचे. पुरुषोत्तमराव लोकसभेत गेले त्याच्या दोन वर्षे आधीच ही यादी संपली होती. त्यामुळे त्यांच्या नावाचा कायदा कोणता असे कुणी विचारले, तर उत्तर ‘एकही नाही’ असेच द्यावे लागते. त्यांचे काम शोधायचे ते छापील भाषणांत.

गुजरातचे प्रश्न दिल्लीत

पहिली दोन-अडीच वर्षे गुजरातेत धामधुमीची गेली. १९७४ च्या जानेवारीत महागाई आणि भ्रष्टाचाराविरुद्ध नवनिर्माण आंदोलन पेटले. फेब्रुवारीत चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला, राष्ट्रपती राजवट आली आणि मोरारजी देसाईंच्या उपोषणानंतर मार्चमध्ये विधानसभा बरखास्त झाली. विधानसभा नसली की राज्याचे कायदे आणि अंदाजपत्रकही संसदेत येतात. जून १९७५ पर्यंत गुजरातच्या जनतेला प्रश्न विचारण्याची जागा उरली होती ती दिल्लीतच, आणि तीही इथल्या मोजक्या खासदारांमार्फत. आपल्या बडोद्याचे प्रतिनिधी त्या वेळी फत्तेसिंहराव गायकवाड होते.

१९७५ च्या जूनमध्ये गुजरातेत निवडणूक झाली. १२ जून रोजी एकीकडे इथली मतमोजणी सुरू होती आणि दुसरीकडे अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. १८ जूनला बाबूभाई जशभाई पटेल यांचे जनता मोर्चाचे सरकार आले. त्यानंतर आठवड्याभरात, २५ जूनच्या रात्री, आणीबाणी जाहीर झाली.

आणीबाणीतील लोकसभा

पुरुषोत्तमरावांच्या नोंदीचा गाभा इथून सुरू होतो.

२१ जुलै १९७५ रोजी लोकसभेचे अधिवेशन भरले तेव्हा विरोधी बाकांवरचे अनेक जण तुरुंगात होते. मधू दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरूला गेले असता २६ जूनला वाजपेयी आणि अडवाणी यांच्याबरोबर पकडले गेले होते. मधू लिमये मध्य प्रदेशात अटकेत होते. अधिवेशनाच्या सुरुवातीलाच सरकारने ठराव आणला की या अधिवेशनात फक्त सरकारी कामकाज होईल. प्रश्नोत्तराचा तास नाही, लक्षवेधी सूचना नाहीत, खासगी सदस्यांचे कामकाज नाही. म्हणजे वर सांगितलेली एकट्या सदस्याची सारी हत्यारे एका ठरावाने काढून घेतली गेली. उरला तो फक्त सरकारी प्रस्तावावर मिळेल तेवढा वेळ बोलण्याचा हक्क.

त्या हक्काचा वापर जे थोडे बाहेर राहिले होते त्यांनी केला. मार्क्सवादी पक्षाचे ए. के. गोपालन बोलले. पुण्याचे मोहन धारिया काँग्रेसचे खासदार असून आणीबाणीविरुद्ध बोलले. अपक्षांतून उभे राहिले ते अहमदाबादचे मावळंकर. मंजुरीचा ठराव अर्थातच संमत झाला. लगेच अडतिसावी घटनादुरुस्ती आली. तिने आणीबाणीची घोषणा न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली. ७ ऑगस्ट रोजी एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती लोकसभेत मांडली गेली आणि त्याच दिवशी संमतही झाली. तिने पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयांकडून काढून घेतला. घटना बदलणारे विधेयक एका दिवसात संमत होणे म्हणजे काय, हे ज्याने वीस वर्षे वर्गात शिकवले त्याला वेगळे सांगायला नको होते.

बाहेर मात्र यातले काहीच पोचत नव्हते. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला होता आणि संसदेतल्या विरोधी भाषणांनाही तो लागू होता. ८ डिसेंबर १९७५ रोजी एक वटहुकूम निघाला आणि त्याने १९५६ चा एक कायदा रद्द केला. संसदेच्या कामकाजाचा खरा वृत्तांत छापणाऱ्याला संरक्षण देणारा हा कायदा फिरोज गांधींनी खासगी विधेयक म्हणून आणला होता. वर सांगितलेल्या चौदांपैकीच तो एक. पंतप्रधानांच्या पतीने आणलेला कायदा त्यांच्याच सरकारने रद्द केला, हे अनेकांनी लिहिले आहे. मला दुसरी गोष्ट अधिक बोचते. ती म्हणजे हे वटहुकमाने झाले. सभागृहाला डावलून वटहुकूम काढण्याची सवय बरी नव्हे, असे दादासाहेबांनी अध्यक्ष असताना १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये पंडित नेहरूंना पत्राने कळवले होते.

अशा वेळी खासदाराचे भाषण जात होते तरी कुठे? सभागृहातले लघुलेखक ते उतरवून घेत आणि ते लोकसभेच्या अधिकृत वृत्तांतात छापले जाई. तेवढ्या एका जागी ते उरत होते. अहमदाबादच्या मतदाराला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आपला खासदार काय बोलला हे दिसत नव्हते. पुरुषोत्तमराव तरीही बोलत राहिले ते वृत्तांतासाठी, म्हणजे पुढे केव्हा तरी वाचणाऱ्यासाठी.

आपल्या बडोद्यातही याच प्रश्नाची झुंज चालू होती. सर्वोदय विचाराचे ‘भूमिपुत्र’ हे गुजराती नियतकालिक इथून निघत असे आणि त्याचे संपादक चुनीभाई वैद्य होते. ऑक्टोबर १९७५ मध्ये अहमदाबादेत नागरी स्वातंत्र्य परिषद भरली. तिथली न्या. छागला आदींची भाषणे ‘भूमिपुत्र’ने छापली म्हणून त्याच्यावर कारवाई झाली. चुनीभाई गुजरात उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ मध्ये न्यायालयाने सेन्सॉरची मार्गदर्शक तत्त्वे रद्दबातल ठरवली. त्या काळातले बडोदे म्हटले की लोकांना जॉर्ज फर्नांडिस आणि डायनामाइट खटलाच आठवतो. छापखान्याची ही लढाई कमी गाजली, पण माझ्या मते तिचे मोल कमी नाही. गुजरातेत मार्च १९७६ पर्यंत जनता मोर्चाचे सरकार होते, त्यामुळे इथली हवा दिल्लीपेक्षा थोडी मोकळी होती, हेही लक्षात घ्यायला हवे.

मुदतवाढ

पाचव्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. फेब्रुवारीत कायदा करून ती एका वर्षाने वाढवण्यात आली आणि नोव्हेंबरमध्ये आणखी एका वर्षाने. मुदत संपलेल्या सभागृहात बसायचे की नाही, हा प्रश्न प्रत्येक विरोधी सदस्यापुढे उभा राहिला. मधू लिमये आणि शरद यादव यांनी तुरुंगातून राजीनामे पाठवले. जनतेने पाच वर्षांसाठी निवडले, सहावे वर्ष आमचे नाही, ही त्यांची भूमिका होती. ती नैतिकदृष्ट्या चोख होती. पुरुषोत्तमराव सभागृहात राहिले. तुरुंगातल्या सदस्याचा राजीनामा हेच त्याचे भाषण असते. बाहेर असलेल्या सदस्याने जागा सोडली तर विरोधाचा तेवढा आवाज वृत्तांतातून कायमचा जातो. दोन्ही बाजूंना वजन आहे आणि त्या काळच्या मंडळींत यावर मतभेद होते. मला स्वतःला इथे राहणाऱ्याची बाजू पटते, कारण आज मागे वळून पाहताना त्या सभागृहात विरोध झाला होता याचा पुरावा या भाषणांमुळेच हाती आहे.

१९७६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बेचाळिसावी घटनादुरुस्ती आली. तिने मूलभूत हक्क आकसले, न्यायालयांचे अधिकार कापले, लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षे केली. प्रमुख विरोधी पक्षांनी चर्चेवर बहिष्कार घातला होता. २ नोव्हेंबरला लोकसभेने ती संमत केली.

‘नो, सर’

आणीबाणी २१ मार्च १९७७ रोजी उठली. १९७९ साली पुरुषोत्तमरावांची या काळातली भाषणे अहमदाबादच्या सन्निष्ठ प्रकाशनाने इंग्रजीत पुस्तकरूपाने काढली. पुस्तकाचे नाव ‘नो, सर’ आणि उपशीर्षक ‘आणीबाणीत बोलणारा एक अपक्ष खासदार’ अशा अर्थाचे. सभागृहात सदस्य बोलतो ते अध्यक्षांना उद्देशून, म्हणून ‘सर’. लोकसभेची प्रश्नोत्तरे ज्यांनी चाळली आहेत त्यांना या नावातली खोच लगेच कळेल. मंत्र्यांची छापील उत्तरे किती तरी वेळा याच दोन शब्दांनी सुरू होतात. इथे ते शब्द समोरच्या बाकावरून सरकारला ऐकवलेले आहेत.

पुस्तक वाचताना एक सूचना. यात जहाल वक्तृत्व शोधू नये. मांडणी अध्यापकाची आहे. कलम कोणते, नियम कोणता, पूर्वीचा दाखला काय आणि मग त्याला विरोध का, असा क्रम. काही ठिकाणी ती कोरडी वाटेल. पण अध्यक्षांनी शब्द कामकाजातून काढून टाकू नयेत आणि वृत्तांतात भाषण शिल्लक राहावे, असे वाटणाऱ्या माणसाने याच रीतीने बोलायला हवे होते.

१९७७ नंतर

मार्च १९७७ च्या निवडणुकीत ते गांधीनगरहून लोकसभेत गेले. फिरोज गांधींचा कायदा १९७७ मध्ये नव्याने केला गेला. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने (१९७८) लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांवर आणली, आणीबाणी लावण्याच्या अटी कडक केल्या आणि संसदेचा वृत्तांत छापण्याच्या हक्काला ३६१-अ या कलमाने थेट घटनेत जागा दिली. ज्या गोष्टी गेल्या म्हणून आणीबाणीत झगडा झाला, त्यांपैकी बऱ्याच पुरुषोत्तमराव सदस्य असतानाच परत आल्या. ऑगस्ट १९७९ मध्ये सहावी लोकसभा विसर्जित झाली आणि त्यांची संसदेतली सात वर्षे संपली. २००२ साली त्यांचे निधन झाले.

पुरुषोत्तमराव गुजरातचे म्हणून निवडून आले. अहमदाबादच्या मतदारांत मराठी माणसांची संख्या अशी किती असणार? याज्ञिकांसारख्या लोकनेत्यानंतर त्या शहराने पक्ष नसलेल्या, मराठी आडनावाच्या प्राध्यापकाला निवडले, ही गोष्ट इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या समाजाने मुलांना जरूर सांगावी.

नोंद कुठे पाहावी

लोकसभेच्या चर्चांचे जुने खंड आता संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात संगणकावर मोफत वाचता येतात. शोधताना पाचव्या लोकसभेसाठी सदस्याच्या नावापुढे अहमदाबाद आणि सहाव्यासाठी गांधीनगर असल्याची खात्री करावी, कारण दादासाहेबांचे नावही तिथे शेकडो पानांवर येते. रोमन लिपीत आडनाव एकाहून अधिक प्रकारे लिहिलेले आढळते, तेव्हा एका स्पेलिंगने काही न मिळाल्यास दुसरे वापरून पाहावे. भाषणे इंग्रजीत आहेत. शाळा-कॉलेजातल्या मुलांबरोबर वाचायची असतील तर जुलै १९७५ चे अधिवेशन आधी घ्यावे आणि त्याच्याशेजारी १९७४ च्या एखाद्या साध्या दिवसाचा प्रश्नोत्तराचा तास ठेवावा. दोन्ही खंडांची सुरुवातीची पाने पाहिली की त्या अधिवेशनात काय बंद झाले होते ते मुलांना समजावून सांगावे लागत नाही.